हवेचा पाटकरी



मागच्या बैठकीत बचतीचे हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि चहा यायचा होता. तेवढ्यात आपल्या गटातल्या एका ताईंनी मोबाईल पुढे केला. त्यांच्या लेकीनं एक जाहिरात पाठवली होती. लेक भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली, पुढे इलेक्ट्रॉनिक्स घेऊन एम. एस्सी. झाली, मग लग्न झालं. आता तिचा मुलगा बालवाडीत जातो. जाहिरात केंद्र सरकारच्या एका परीक्षेची होती. खाली लेकीनं एवढंच लिहिलं होतं, ‘आई, मी याला बसू शकत होते. आता वय निघून गेलं.’

त्या जाहिरातीत एका नोकरीचं नाव होतं, भारतीय रेडिओ नियामक सेवा. आम्ही सगळ्यांनी ते नाव पहिल्यांदाच वाचलं. एक जण म्हणाली, “म्हणजे आकाशवाणीवर बातम्या देतात ते का?” दुसरी म्हणाली, “रेडिओ दुरुस्तीचं असेल.” दोन्ही नव्हतं. ज्या रेडिओवरून आपण दर आठवड्याला बोलतो, त्याच्याशी या नोकरीचा थेट संबंध आहे आणि आम्हालाच ते ठाऊक नव्हतं, याची आम्हाला लाज वाटली. म्हणून आजचं बोलणं त्यावर. ही नोकरी काय आहे, ती कुठून आली आणि तिथवर पोचायचा रस्ता कोणता, हे सगळं सांगायचं आहे. सुरुवात मात्र आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू.

कुकडीच्या कालव्याला आवर्तन सुटलं की काय होतं, हे श्रीगोंद्यातल्या बाईला सांगायला नको. कालवा एकच. त्यातून चाऱ्या निघतात, चारीतून पोटचारी, पोटचारीतून शेत. कुठलं दार कधी उघडायचं, किती उघडायचं, कुणाची पाणीपाळी कधी, हे पाटकरी बघतो. त्यानं नीट बघितलं नाही, तर वरचे दोनदा भिजवतात आणि टेलच्या गावाला कोरडी चारी बघत बसावं लागतं.

हवेतही असेच पाट आहेत. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. मोबाईलचा आवाज, टीव्हीचं चित्र, पोलिसांचा वायरलेस, विमानाचं बोलणं, पावसाचा अंदाज देणारं रडार, आपला रेडिओ, हे सगळं एकाच हवेतून एकाच वेळी चाललेलं असतं. ते एकमेकांत मिसळत नाही, कारण प्रत्येकाला आपापला आकडा नेमून दिलेला आहे. त्या आकड्याला फ्रिक्वेन्सी म्हणतात. सगळ्या फ्रिक्वेन्सींचा मिळून जो पट्टा होतो, तो स्पेक्ट्रम. वर्तमानपत्रात लिलावाच्या बातमीत हा शब्द येतो, तोच हा.

आता एक गंमत बघा. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला बायकांचा ‘माणदेशी तरंग’ रेडिओ आहे, त्याचा आकडा ९०.४. आपल्या नगर शहरात स्नेहालय संस्थेचा ‘रेडिओ नगर’ आहे, त्याचाही आकडा ९०.४. मग घोटाळा कसा होत नाही? दोन गावांत एकाच नावाच्या दोन सुना असल्या तर कुणाचं बिघडत नाही. एकाच घरात असल्या, तर हाक मारली की दोघी ‘ओ’ देतात. गावच्या रेडिओचा आवाज पाच-दहा किलोमीटर जातो. म्हणून तोच आकडा लांबच्या गावाला पुन्हा देता येतो, शेजारच्या गावाला देता येत नाही. हा हिशेब बसवणं हेच त्या नोकरीतलं मोठं काम.

पाण्यात आणि लहरीत एक फरक आहे. पाणी वापरलं की संपतं. लहर संपत नाही, आपण बोलायचं थांबलो की तो पाट त्याच क्षणी दुसऱ्याला मोकळा होतो. ती साठवताही येत नाही. भांडण होतं ते फक्त दोघांनी एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकाच पाटात उतरायचं म्हटलं की. म्हणजे वाटणी नीट झाली तर हवेत पुष्कळांना जागा आहे. वाटणी कोण करतं, हाच खरा प्रश्न. तो प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी आपल्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला होता.

काष्टीचा बाजार करून पुढे भीमा ओलांडली की दौंड. रेल्वेचं मोठं जंक्शन म्हणून आपण दौंड ओळखतो. पण १९२७ साली दौंडला इंग्लंडहून येणारे बिनतारी संदेश पकडणारं केंद्र सुरू झालं. त्याचं जोडकेंद्र पुण्याजवळ खडकीला होतं. खडकीहून संदेश पाठवायचा, दौंडला आलेला संदेश घ्यायचा. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात ही सेवा चालू झाली आणि हिंदुस्थानातून इंग्लंडला समुद्राखालच्या तारेशिवाय संदेश जाऊ लागला. तिला ‘बीम वायरलेस’ म्हणत.

पाठवायचं एकीकडे आणि घ्यायचं दुसरीकडे, असं दोन ठिकाणी का? कारण साधं आहे. लग्नाच्या मांडवात बँडच्या शेजारी उभं राहून लांबून कुणी मारलेली हाक ऐकू येईल का? स्वतःच्या मोठ्या आवाजात बाहेरचा बारीक आवाज बुडतो. म्हणून बोलणारं केंद्र आणि ऐकणारं केंद्र यांच्यात अंतर ठेवलं. हवेत एकाचा आवाज दुसऱ्याचं ऐकणं बुडवू शकतो, हा धडा आपल्या शेजारच्या दौंडमध्ये त्या काळी रोज गिरवला जात होता.

१९२७ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत वॉशिंग्टनला जगातल्या देशांची परिषद भरली आणि जहाजांना कुठला पट्टा, प्रसारणाला कुठला, संदेशांना कुठला, याचा पहिला मोठा तक्ता ठरला. हवेला गावाची, तालुक्याची किंवा देशाची वेस नसते. आपण बांध घातला म्हणून लहर थांबत नाही. म्हणून सगळ्यांनी बसून ठरवावंच लागतं. आजही दर काही वर्षांनी अशी जागतिक परिषद भरते. २०२३ साली ती दुबईला भरली होती.

आपल्याकडे मात्र इंग्रज सरकारनं वाटणीच्या आधी कुलूप बघितलं. तारेचा कायदा १८८५ चा होता. १९३३ साली बिनतारी यंत्रांचा वेगळा कायदा झाला. परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं घरात ठेवणंही गुन्हा ठरला. रेडिओ ऐकायला परवाना लागायचा आणि त्याची दरवर्षी फी भरावी लागायची, सुरुवातीला ती १० रुपये होती. स्वातंत्र्यानंतरही ही पद्धत चालू राहिली. आपल्यातल्या साठी ओलांडलेल्या बायकांना आठवत असेल, पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याच्या पुस्तकावर तिकिटं लावून आणायची. १९८०च्या दशकात ते बंद झालं. म्हणजे कितीतरी वर्षं हवेशी आपलं नातं एवढंच होतं, पैसे भरा आणि ऐका.

या कुलपाला एका बाईनं हात घातला, ती गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा मुंबईत उषा मेहता या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीनं सोबत्यांना घेऊन गुप्त काँग्रेस रेडिओ उभा केला. २७ ऑगस्ट १९४२ ला त्यांचं प्रसारण सुरू झालं. जे पेपरात छापू दिलं जात नव्हतं, ते हवेतून लोकांपर्यंत जाऊ लागलं. पोलीस माग काढत होते. लहर कुठून येते हे यंत्रानं शोधता येतं, म्हणून ही मंडळी सारखी जागा बदलत. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी छापा घातला आणि उषाताई पकडल्या गेल्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याच्या तुरुंगात राहिल्या. पुढे त्या मुंबई विद्यापीठात शिकवू लागल्या आणि १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाला.

या गोष्टीत दोन बाजू आहेत. एकीकडे परवाना नसताना बोलणारी बाई आणि दुसरीकडे लहरीचा माग काढणारं सरकार. माग काढण्याची ती विद्या वाईट नाही. ती कुणाच्या हातात आहे आणि कशासाठी वापरली जाते, यावर सगळं अवलंबून आहे. विमानतळाच्या बोलण्यात कुणाचं बिघडलेलं यंत्र घरघर करत असेल, तर ते शोधायला हीच विद्या लागते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली केंद्र सरकारनं या कामासाठी वेगळा विभाग केला. बिनतारी नियोजन आणि समन्वय विभाग असं त्याचं नाव, कागदावर बहुतेक ठिकाणी डब्ल्यूपीसी असं दिसतं. कुणाला कुठली फ्रिक्वेन्सी द्यायची, परवाना कुणाला द्यायचा, मनोरा कुठे आणि किती उंच उभा राहू द्यायचा, दुसऱ्या देशांशी काय ठरवायचं, हे हा विभाग पाहतो. त्याच्या जोडीला हवेवर कान ठेवून बसणारी केंद्रं आहेत. मुंबईत बोरिवलीजवळ गोराईला असं एक केंद्र आहे. आपल्या शेजारच्या मराठवाड्यात जालन्याला तर उपग्रहांच्या लहरी तपासणारं केंद्र आहे. जालना म्हटलं की आपल्याला मोसंबी, बियाणं आणि लोखंडाचे कारखाने आठवतात. तिथे आकाशातल्या उपग्रहांवर लक्ष ठेवणारी माणसं नोकरी करतात, हे आम्हालाही अलीकडेच कळलं.

या कामाची गरज किती बारीक असते, त्याचं एक उदाहरण आपल्या पाण्याच्या वाटेवरच आहे. येडगाव धरणातून कुकडीचा कालवा निघतो आणि आपल्याकडे येतो. त्याच जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. प्रत्येकी ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या, सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं ती उभी राहिली. फार फार लांबून आलेल्या ताऱ्यांच्या लहरी या तबकड्या पकडतात. त्या लहरी इतक्या क्षीण असतात की जवळचा मोबाईल टॉवर त्यांना सहज बुडवून टाकेल. ती जागा निवडताना तिथली हवेतली शांतता बघूनच निवडली होती. म्हणून त्या भागात नवा मनोरा उभा करायचा, तर दुर्बिणीला अडथळा होणार नाही हे बघावं लागतं. गावाला मोबाईलची रेंज हवी आणि दुर्बिणीला शांतता हवी. दोघांचंही बरोबर. मधला रस्ता आकडेमोड करून काढायचा असतो. तो काढणारा माणूस म्हणजे हवेचा पाटकरी.

आता येऊ हक्काच्या गोष्टीकडे. हवा सरकारची का लोकांची, हा प्रश्न १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. निमित्त होतं क्रिकेटच्या सामन्यांचं. सामने दाखवायचा अधिकार कुणाचा, यावर बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांचा वाद होता. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल आला. खंडपीठावर आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते आणि मुख्य निकालपत्र त्यांनी लिहिलं. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी झाला पाहिजे आणि त्यावर देखरेख सार्वजनिक संस्थेची हवी, असा त्याचा अर्थ. खेळाच्या भांडणातून निघालेला हा निकाल आपल्यासारख्या गावातल्या बायकांच्या कामी आला.

पण लगेच आला नाही. २००२ साली सरकारनं फक्त शिक्षणसंस्थांना छोटा रेडिओ चालवायला परवानगी दिली. २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिला सामुदायिक रेडिओ सुरू झाला. लोकांच्या संस्थांना दार उघडलं ते २००६ च्या धोरणानं. त्यानंतर २००८ साली तेलंगणात जहीराबादजवळ ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. तो चालवणाऱ्या दलित शेतकरी बायका. त्याच वर्षी म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झाला. निकालापासून तिथवर तेरा वर्षं गेली.

पुढे २०१२ साली काय झालं ते ऐका. सामुदायिक रेडिओला फ्रिक्वेन्सीसाठी वर्षाला १९,७०० रुपये भरावे लागत होते. ती रक्कम एकदम ९१,००० करण्यात आली. शेळ्या पाळणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बायकांच्या रेडिओनं ९१,००० कुठून आणायचे? देशभरातल्या सामुदायिक रेडिओंनी त्या मे महिन्यात एक दिवस प्रसारण बंद ठेवून निषेध केला. शेवटी वाढ मागे घेतली गेली आणि आकडा पुन्हा १९,७०० वर आला.

मैत्रिणींनो, आम्ही या गोष्टीवर बराच विचार केला. फी वाढवणारे लोक वाईट होते असं आमचं म्हणणं नाही. त्यांच्यासमोर एक तक्ता असेल, त्यात हजारो वापरकर्ते असतील, त्यांतला एक रकाना आपला. पण त्या टेबलाशी बसलेल्यांपैकी कुणाची आई बचत गटात असती, कुणी लहानपणी गावच्या रेडिओवर ओव्या म्हणणारी आजी ऐकली असती, तर तो रकाना भरताना हात थोडा थांबला असता. पाटकरी टेलच्या गावचा असला, की टेलला पाणी पोचतं की नाही हे त्याला विचारावं लागत नाही.

शंभर वर्षांत आपण कुठून कुठे आलो बघा. आधी हवेच्या बाबतीत आपण फक्त पैसे भरून ऐकणाऱ्या होतो. मग बोलणाऱ्या झालो. वाटणाऱ्या मात्र अजून झालो नाही. जगात हे घडू लागलं आहे. संपूर्ण जगाच्या स्पेक्ट्रमची मांडणी ठरवणारी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना १८६५ साली स्थापन झाली. तिच्या प्रमुखपदी पहिली बाई आली ती २०२३ च्या जानेवारीत, अमेरिकेच्या डोरीन बोगडन-मार्टिन. दीडशेहून जास्त वर्षं लागली. आपल्याला तेवढा वेळ लावायचं कारण नाही, कारण आपल्याकडे या नोकरीची वाट परीक्षेतून जाते आणि ती परीक्षा मुलींना उघडी आहे.

ती वाट आता नीट सांगतो. वही-पेन घ्या किंवा लेकीला जवळ बसवा.

केंद्रीय लोकसेवा आयोग, म्हणजे यूपीएससी, दरवर्षी इंजिनिअरिंग सेवांची परीक्षा घेतो. कलेक्टरच्या परीक्षेहून ही वेगळी. त्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन या शाखेखाली भारतीय रेडिओ नियामक सेवा येते. पद गट ‘अ’चं आहे. सातव्या वेतन आयोगानुसार या दर्जाच्या सुरुवातीच्या पदाचं मूळ वेतन ५६,१०० रुपये आहे, भत्ते वेगळे.

वय त्या वर्षीच्या १ जानेवारीला २१ पूर्ण हवं आणि ३० पूर्ण झालेलं नको. ओबीसींना तीन वर्षं आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं सवलत आहे. दाखल्याचं मात्र आधीच बघा. केंद्राच्या परीक्षेला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. राज्याचा दाखला पुढे केला आणि अर्ज अडला, असं होऊ देऊ नका. राज्यातलं एसईबीसी आरक्षणही केंद्राच्या परीक्षेला लागू नसतं. फॉर्मची फी २०० रुपये आहे, पण मुलींना ती माफ आहे.

शिक्षण इंजिनिअरिंगची पदवी. पण या सेवेसाठी आणखी एक दार आहे, आणि तेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वायरलेस कम्युनिकेशन, इलेक्ट्रॉनिक्स, रेडिओ फिजिक्स किंवा रेडिओ इंजिनिअरिंग हा खास विषय घेऊन एम. एस्सी. झालेली मुलगीही अर्ज करू शकते. म्हणजे इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही आणि जवळच्या कॉलेजात बी. एस्सी. केली, तरी रस्ता बंद होत नाही. नुसत्या बी. एस्सी.वर किंवा नुसत्या डिप्लोम्यावर मात्र बसता येत नाही. डिप्लोमा झालेली मुलगी थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवी पूर्ण करू शकते.

परीक्षा एकूण १,३०० गुणांची. पूर्वपरीक्षेला दोन पेपर, एक सामान्य अध्ययनाचा २०० गुणांचा आणि एक विषयाचा ३०० गुणांचा. यात पर्यायातून उत्तर निवडायचं असतं आणि चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो. म्हणून अंदाजपंचे ठोकायचं नाही. मग मुख्य परीक्षेला विषयाचे दोन पेपर, प्रत्येकी ३०० गुणांचे, ते लिहून सोडवायचे. शेवटी २०० गुणांची मुलाखत. जागा थोड्या असतात आणि दरवर्षी सारख्या नसतात. नियमही अधूनमधून बदलतात. म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचायची, कुणाच्या सांगण्यावर राहायचं नाही.

अडचणी लपवून चालणार नाही. पहिली इंग्रजीची. पेपर इंग्रजीत लिहावे लागतात. मराठी शाळेतल्या मुलीला विषय येतो, पण वाक्य लिहिताना हात अडतो. त्याला उपाय एकच, रोज एक पान वाचायचं आणि रोज अर्धं पान लिहायचं, अकरावीपासून. परीक्षेच्या वर्षी सुरुवात करून भागत नाही.

दुसरी अडचण पैशाची. इथे एक चांगली गोष्ट झाली आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून झाला असेल, तर इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. हॉस्टेल, मेस आणि पुस्तकांचा खर्च राहतोच. त्यासाठी गटातून कर्ज देता येईल का, हे आपण ठरवू शकतो. म्हशीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो. मुलीच्या मेसला का नाही?

तिसरी अडचण सगळ्यात अवघड, ती वेळेची. दहावीनंतर गणित सोडलं की हा रस्ता तिथेच संपतो. ‘मुलीला कशाला एवढं गणित’ हे वाक्य घरात कुणीतरी सहज बोलतं आणि तिच्या बावीस-तेविसाव्या वर्षीचं एक दार पंधराव्या वर्षीच लागतं. पुढे पदवी हातात येते तोवर स्थळं यायला लागतात. परीक्षेसाठी मुलीला दोन वर्षं हवी असतात आणि तीच दोन वर्षं आपण तिच्याकडून काढून घेतो. हे कुठल्या सरकारनं केलेलं नाही. हे आपल्याच ओट्यावर ठरतं.

त्या ताईंच्या लेकीचं हेच झालं. तिच्याकडे शिक्षण होतं, वयही होतं. माहिती नव्हती आणि थांबायला कुणी सांगितलं नाही. ताई बैठकीत म्हणाल्या, “आम्हाला वाटलं सरकारी नोकरी म्हणजे तलाठी, पोलीस आणि मास्तरीण. याच्या पलीकडे आम्हाला दिसलंच नाही.” त्यावर कुणी काही बोललं नाही, कारण आम्हालाही तेवढंच दिसत होतं.

त्या लेकीसाठी ती नोकरी आता नाही. पण हवेशी तिचं नातं संपलेलं नाही. हौशी रेडिओ, ज्याला हॅम रेडिओ म्हणतात, त्याची परीक्षा हाच डब्ल्यूपीसी विभाग घेतो. त्याला बाराव्या वर्षापासून बसता येतं आणि वरची मर्यादा नाही. परवाना मिळाला की स्वतःच्या यंत्रावरून जगभर बोलता येतं. पूर, भूकंप, वादळ आलं आणि मोबाईल बंद पडले, की हेच लोक निरोप पोचवतात. भीमेला पूर आला की नदीकाठच्या गावांचं काय होतं ते आपण जाणतोच. आपल्या तालुक्यात असा परवाना असलेल्या दोन-चार बाया असल्या, तर गावाला त्यांचा आधारच होईल. आम्ही तिला हे कळवलं. तिनं लगेच विचारलं, फॉर्म कुठे मिळतो?

आपल्या गटानं मागच्या बैठकीत ठराव केला आहे, तो सांगून थांबतो. गटाच्या वहीत मागच्या बाजूला एक पान मुलींचं. गटातल्या प्रत्येक घरातली मुलगी, ती कितवीत आहे, गणित आणि विज्ञान घेतलं आहे का, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढला आहे का, एवढं लिहायचं. वर्षातून दोनदा ते पान वाचायचं, जसं आपण थकबाकीचं पान वाचतो. आणि त्या ताईंच्या लेकीनं कबूल केलं आहे की ती महिन्यातून एका रविवारी माहेरी येऊन अकरावी-बारावीच्या मुलींना भौतिकशास्त्र शिकवील. पहिल्या रविवारी सात मुली आल्या होत्या.

तुमच्या गटातही असं पान सुरू केलंत, तर आम्हाला कळवा. त्यात किती मुलींनी गणित ठेवलं आहे, तेही लिहा.